शेवटच्या फाटकापलीकडचं घर

बसा हो, दिवा जरा पुढे ओढते. पडदा राहू दे तसाच. धुकं काय, आज आहे, उद्याही असेल. तुम्ही तेवीस नंबरात नवीन आलात, म्हणून हे तुमच्या कानावर घालायलाच हवं. आणि उगाच भिऊ नका. या गोष्टीत मी जिंकते, हे आधीच सांगून टाकते!

युद्धात शहराच्या निम्म्या गल्ल्या जमीनदोस्त झाल्या, तेव्हा कागदावर रेघा मारून ही वसाहत उभी केली. आपल्या ओळीत चोवीस घरं, सगळी एका मापाची. ठेकेदार असा हुशार की दारांना कुलपंही एकाच जातीची. माझी किल्ली तुमच्या दाराला लागते. हसता काय, लावून बघा. सुरुवातीला माणसं सर्रास भलत्याच घरात शिरायची, बूट काढून ऐसपैस बसायची आणि समोर दुसऱ्याची बायको बघून ओशाळायची.

माझे सासरे इथेच गवंडी होते. हे चोवीस नंबर त्यांनी बांधलं. स्वयंपाकघराचा उंबरा घालत होते आणि निरोप आला, मुलगा झाला. म्हणजे माझा नवरा. त्या आनंदात विटांचा एक थर जास्त चढला! मुकादमानं फोडायला सांगितलं, तर म्हणाले, "राहू दे, ज्याच्या नशिबी येईल तो अडखळेल." पुढे घरं वाटली तेव्हा चिठ्ठीत नेमकं हेच घर त्यांच्या नावावर निघालं. लग्न होऊन आल्यापासून अकरा वर्षं मी त्या उंबऱ्याला ठेचकाळत होते आणि सासऱ्यांच्या नावानं बोटं मोडत होते.

त्या दिवशी काही विशेष नव्हतं. नवरा दुसऱ्या पाळीला कारखान्यात. बाबा, म्हणजे सासरे, दुपारी काठी घेऊन फिरायला गेले होते. पाचच्या सुमाराला मी दूध आणायला निघाले. परतताना धुकं असं उतरलं की स्वतःचा हात दिसेना. बाबा घरी पोचले असतील का, हा एकच घोर लागला होता. कारण आदल्या वर्षी असल्याच धुक्यात नऊ नंबरातले मास्तर टोपी घालून पाव आणायला गेले ते परत आलेच नाहीत. त्यांची पिशवी आमच्या शेवटच्या भिंतीपलीकडे, मोकळ्या मैदानात मिळाली. पाव ताजा होता आणि पिशवीला ओलं सिमेंट लागलेलं.

मी कुंपण चाचपत चालले. आमचं फाटक शेवटचं, कुंपण संपलं की वळायचं, मोजायची गरजच नसते. कुंपण संपलं. वळले. किल्ली लावली, दार उघडलं.

बाबा खुर्चीत बसलेले. जीव भांड्यात पडला. पण वास... नुकत्याच लिंपलेल्या भिंतीचा वास. एवढ्या जुन्या घरात?

"आलीस, सूनबाई?" बाबा हळूच म्हणाले. "बस. चहा होतोय."

"कोण करतंय चहा?"

"तूच की... आत."

आणि आतून आवाज आला. माझाच. "बाबा... साखर किती घालू?"

तुम्हाला सांगते, माझ्या स्वयंपाकघरात माझ्याच आवाजात कोण बोलतंय म्हणून डोकंच फिरलं. तशीच तरातरा आत गेले. आत कुणी नव्हतं. शेगडी गार. पातेल्यात पाणीसुद्धा नव्हतं. आणि मग लक्षात आलं, मी अडखळले नव्हते. अकरा वर्षांत पहिल्यांदा सरळ आत आले होते.

मागे वळले तर बाहेरच्या खोलीत खुंटीवर मास्तरांची टोपी.

"बाबा, उठा. हे आपलं घर नाही."

"आपलंच तर आहे... खुर्ची, खिडकी, सगळं तेच." त्यांचे डोळे मिटत होते. "दमलोय गं. बसू दे."

दंडाला धरून ओढलं, तर माणूस जागचा हलेना. खुर्चीनंच धरून ठेवलं होतं जणू. त्यात दार आपोआप लागलं. किल्ली आत जाई, पण फिरेना. मला रडू फुटलं होतं. नवऱ्याला काय तोंड दाखवू, हा विचार एकीकडे आणि दुसरीकडे आतून पुन्हा माझा आवाज, "बाबा, दोन चमचे?" मग मला सुचलं.

"बाबा, एवढा स्वयंपाकघराचा उंबरा बघा. मापात घातलाय. अगदी नकाशाबरहुकूम!"

डोळे खाडकन उघडले. गवंडी तो गवंडी! खुर्चीतून ताडकन उठले, उंबऱ्याशी वाकले, वीत लावली.

"एक थर कमी! कुणी बांधलं हे? हे माझं काम नाही!" मग भिंतीत अंगठा रुतवला. तो पेरभर आत गेला. "अगं, ओलंच आहे सगळं! सांधासुद्धा धरलेला नाही. हट्!"

काठीचे चार घाव आणि विटा भदाभदा कोसळल्या. सत्तर वर्षांचा माणूस, पण काय हात चालला हो त्यांचा! मास्तरांची टोपी उचलली, बाबांना पुढे घातलं आणि आम्ही त्या भगदाडातून धुक्यात बाहेर पडलो. बाबा हसत होते, मी हसत होते, दोघांच्या डोळ्यांना धारा. मला राहवेना. मागे वळून ओरडले, "उंबऱ्याला एक थर कमी पडला रे! जा, आधी शिकून ये!"

खिडकीतला उजेड विझला. तिथे नुसतं मैदान होतं.

घरी आले ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला धाडकन अडखळले. दूध सांडलं, गुडघा फुटला. मी त्या उंबऱ्याचा मुका घेतला, खोटं नाही सांगत. बाबा म्हणाले, "आता मोडणार का बोटं माझ्या नावानं?" नवऱ्यानं रात्री सगळं ऐकलं आणि बापाच्या गळ्यात पडला. टोपी मास्तरांच्या बायकोला नेऊन दिली. ती छातीशी धरून बसली बिचारी.

फक्त एक चूक झाली माझी. ओरडायला नको होतं.

दुसऱ्याच दिवसापासून या भिंतीतून आवाज यायला लागला. ही शेवटची भिंत, हिच्यापलीकडे मैदान. रोज पाचला थापी विटेवर आपटल्याचा आवाज, ठक, ठक, ठक. बाबा कान लावून म्हणाले, "थर चढवतोय."

चढवू दे! आम्हीही कच्च्या गुरूचे चेले नाही. घरात दोघांनी आणखी एकेक खूण केलीय. बाबांची त्यांना ठाऊक, माझी मला. एकमेकांनासुद्धा सांगितलेली नाही. तुम्हीही आजच एखादी करून ठेवा. कुठे केली ते मला सांगू नका. या भिंतीजवळ तर त्याबद्दल तोंडसुद्धा उघडू नका.

चला, निघा आता. घर शेजारचंच असलं तरी जाताना फाटकं मोजा, पहिल्यापासून. उशीर झाला तरी चालेल.

काय म्हणालात? आवाज तर येत नाहीये?

हो. काल संध्याकाळपासून थांबलाय.