खंडेनवमीला बिघडलेलं खोकं

खंडेनवमीच्या दिवशी आमच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात पक्कडसुद्धा उचललेली माझ्या वडिलांना, आप्पांना, चालत नाही. सकाळीच मीटर, सोल्डरगन, स्क्रू-ड्रायव्हर असं सगळं टेबलावर मांडून, हळदीकुंकू वाहून, वर झेंडूची फुलं ठेवून ते वैजनाथाच्या दर्शनाला निघून जातात. हत्यारांना त्या दिवशी सुट्टी. शहाण्णव सालच्या त्या खंडेनवमीला मी स्टेशन रोडवरच्या त्या दुकानात एकटीच बसले होते, आणि टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून तो आत आला.

"आप्पा न्हाईत का?"

"मी हाय की. रेडिओ-टीव्ही मीबी दुरुस्त करते. पण आज न्हाई. आज खंडेनवमी हाय."

"तेच तर झालंय ना..." म्हणत त्यानं टॉवेल उघडला.

आत एक काळं खोकं होतं. पुढून लाकडी पट्टी, वर खटके, सोबत लाल बटणाची एक दांडी. टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम. तोही जुना, त्याच्या मामानं आखाती देशातून त्र्याऐंशी साली आणलेला. आणि त्यावर ओलं कुंकू, हळद, भस्माचे तीन पट्टे, अक्षता. कॅसेट घालायच्या खाचेत तर एक फूलच खोचलेलं.

"आईनं दुकानातल्या तराजूबरोबर ह्याचीबी पूजा केली. वरनं तांब्यातलं पाणी शिंपडलं. म्हणती, पोरगं जेवतानाबी ह्याच्याकडंच बघतंय, म्हंजे हेच याचं हत्यार."

मला हसू आवरेना. त्याचा चेहरा मात्र इतका उतरला होता की मी तोंडावर ओढणी घेतली.

"उद्या या."

"उद्यापर्यंत पाणी आत मुरंल. मी उघडूनच आणलंय... हे बघा, स्क्रू खिशात हायत. तुमाला हत्यार लागणारच न्हाई."

मी त्याच्याकडे पाहिलं. एवढा मोठा बाप्या तळहातावर स्क्रू मोजून दाखवत होता. मग मी केसातली पिन काढली, तिला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि खाचेतलं कुंकू टिपायला लागले. केस खांद्यावर सुटले. तो खोक्याकडे बघत होता... म्हणजे आधी खोक्याकडेच बघत होता.

"पिन काय हत्यार न्हाई ना?" त्यानं हळूच विचारलं.

"ते समोरच्यावर असतं," मी म्हणाले, आणि स्वतःच लाजले.

त्याचं नाव संगमेश्वर. मोंढ्याच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान. दसऱ्याला तो सोनं द्यायला म्हणून आला, आपट्याची पानं आधी आप्पांना दिली, मग मला, आणि लगेच खोक्याची चौकशी केली. मी म्हणाले, चालू झालंय, पण चित्र हलतंय. मग रोज संध्याकाळी आपलं दुकान बंद करून तो यायला लागला. खोकं दुकानातल्या पोर्टेबल टीव्हीला जोडायचं, चित्र हलायचं, मी मान हलवायची. जेवढं दिसेल तेवढ्यात तो मला खेळायला शिकवायचा.

"हा चौकोन कशाचा?"

"विमान हाय ते."

"कुठून विमान दिसतंय हे?"

"बघायची नजर लागती."

"मग माझ्याकडं बघून काय दिसतंय तुमाला?"

त्याचं विमान तिथल्या तिथे डोंगरावर आपटलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि तो रुमाल काढून खोकं पुसायला लागला. असा राग आला मला! औष्णिक केंद्राची राख आमच्या गावात प्रत्येक वस्तूवर बसते, पण त्याच्या खोक्यावर कधी कण दिसायचा नाही. येताजाता रुमालानं पुसायचा. एवढी माया ज्याला लावता येते, त्याला समोरच्या मुलीशी दोन शब्द नीट बोलता येऊ नयेत?

दिवाळी झाली. सिरसाळ्याहून मला स्थळ आलं. आडतीचा धंदा, तालेवार घर, रविवारी बघायला येणार. निरोप आणणाऱ्या चंद्रभागाबाईंनी जाता जाता सांगून टाकलं, "लग्नानंतर हे तारांचं काम मात्र बंद बरं का." आप्पा चष्मा पुसत राहिले. मला रात्रभर झोप नव्हती. मला ते घर नको होतं. मला संगमेश्वर हवा होता, आणि हे त्याच्याआधी मी बोलायचं कसं, तेच कळत नव्हतं.

संध्याकाळी त्याला म्हणाले, "रविवारी मला बघायला येणार हायत."

त्यानं टीव्ही बंद केला. मग खोक्याच्या तारा गुंडाळल्या. "आता राहू द्या दुरुस्ती," एवढंच म्हणाला आणि खोकं उचलून निघून गेला. मी शटर ओढलं आणि आत बसून मनसोक्त रडले.

शनिवारी सकाळी पावणेअकराला तो आला. रिकाम्या हातानं.

"खोकं देऊन टाकलं," तो म्हणाला. "कडा गावच्या आत्याच्या पोराला. नगरच्या गाडीत ठेवून आलोय, ती कड्यावरनंच जाती."

"कावून?"

"तीन ठिकाणी पोरीवाले मला न्हाई म्हणले, प्रणिता. सव्वीस वर्षाचा घोडा खेळणं घेऊन बसतो म्हणले. तुमीबी तसंच म्हणला तर... म्हणून आधी देऊन टाकलं. आता विचारतो. माझ्याशी लग्न कराल का?"

किती दिवस वाट पाहिली होती मी या वाक्याची! आणि आलं ते असं, खोक्याचा बळी देऊन.

"येडा हायेस का तू? गाडी किती वाजता सुटती?"

"अकराला..."

मी पायात चप्पल सरकवली आणि आम्ही अक्षरशः पळत स्टँड गाठलं. गाडी सुरू झालेली, कंडक्टरनं दोरी ओढायला हात वर केलेला. मी दारातच उभी राहिले.

"ते टॉवेलातलं खोकं द्या. आमचं हाय."

"पोरानं कड्याला म्हणून दिलंय की."

"चुकून दिलं. आमाला लागतंय."

कंडक्टरनं एकदा माझ्याकडे, एकदा मागे धापा टाकणाऱ्या त्याच्याकडे बघितलं आणि खोकं माझ्या हातात ठेवलं. गाडी गेली. धुरळा खाली बसला.

"आमचं म्हंजे?" संगमेश्वरनं विचारलं.

"म्हंजे हो," मी म्हणाले. छातीवरचा धोंडा उतरावा तसं हलकं हलकं वाटत होतं.

एका बाजूनं त्यानं, एका बाजूनं मी धरून, भर बाजारातून ते खोकं आम्ही दुकानात आणलं. आप्पा टेबलाशी बसले होते.

"आता काय बिघडलं?"

"काय न्हाई, आप्पा," संगमेश्वर खाली मान घालून म्हणाला. "दुसऱ्याच कामाला आलोय."

आप्पांनी चष्मा काढला. मोठा श्वास सोडला आणि त्याच्यापुढे स्टूल सरकवलं.

"बस. सिरसाळ्याला आजच निरोप देतो. मलाबी ते तारांचं बोलणं पटलं नव्हतं. आन एक सांगतो, हे खोकं तिसऱ्याच दिवशी ठणठणीत झालतं. मी स्वतः लावून बघितलंय. तू यायच्या आधी ही रोज ट्यूनिंगचा स्क्रू अर्धा वळसा फिरवून ठेवायची."

संगमेश्वर माझ्याकडे वळला. मी घाईघाईनं चहा सांगायला बाहेर पळाले.