आतली कडी

आमची पहिली भेट एका बाथरूमच्या दाराने घडवून आणली. हसू नका. लोकांच्या प्रेमकथेत बागा असतात, कारंजी असतात. माझ्या नशिबी आली पत्र्याची बाथरूम!

झालं असं, की निर्वासितांच्या छावणीत बायकांसाठी नव्या बाथरूम बांधून झाल्या होत्या आणि त्या सुरक्षित आहेत की नाहीत ते बघणं माझं काम. मदत संस्थेत मी संरक्षण अधिकारी. हे ऐकून लोकांना वाटतं, हिच्याकडे बंदूक असणार. माझ्याकडे असते एक शिट्टी, एक टॉर्च आणि भरपूर तोंड. घरदार सोडून जीव मुठीत धरून आलेल्या बायकांना इथे तरी निर्धास्त अंघोळ करता यावी, वाटेवर दिवा असावा, कुणी त्रास दिला तर सांगायला हक्काचं माणूस असावं... एवढ्यासाठी मी दिवसभर छावणी पालथी घालते.

तर मी आत शिरले, वाऱ्याने दार धाडकन आपटलं, आणि खट्‌दिशी कडी पडली. बाहेरून! बायकांच्या बाथरूमला कडी बाहेरून! आतल्या बाजूला नुसती गुळगुळीत फळी.

मी दोन्ही हातांनी दार बडवायला लागले.

"कोण आहे आत?" बाहेरून एक शांत आवाज आला.

"ज्या शहाण्याने ही कडी बाहेर लावली ना, त्याची वैरीण!"

पावलं दाराशी येऊन थांबली. मग – "असं असेल तर... उघडावं की नाही, विचार करावा लागेल."

दार उघडलं. समोर उंच, सावळा, केसांत लाकडाचा भुसा अडकलेला एक माणूस, हातात स्क्रू ड्रायव्हर. आमचा नवा इंजिनिअर. डोळ्यांत हसू दाबलेलं दिसत होतं, त्यामुळे माझं डोकं आणखीच फिरलं.

"आत बाई असताना बाहेरून कुणी कडी घातली तर? आणि आतून लावताच येत नसेल, तर अंघोळ करायची कशी तिने?"

त्याचं हसू पार मावळलं. "सुताराला मी कोठीच्या दाराचा नमुना दिला. चूक माझीच आहे." तो खाली मान घालून म्हणाला. "संध्याकाळपर्यंत सगळ्या कड्या आतून असतील."

सबबी सांगणारे पुरुष मी पुष्कळ पाहिलेत. 'चूक माझीच' म्हणणारा हा पहिलाच. संध्याकाळी मी प्रत्येक बाथरूममध्ये जाऊन कडी लावून पाहिली. तो बाहेर उभा राहून एकेक खट् ऐकत होता... आणि मला उगाचच हसू येत होतं.

आमच्याकडे पद्धतच अशी – बांधायचं त्याने, तपासायचं मी. मी हो म्हटल्याशिवाय एकही दार वापरात यायचं नाही. त्यामुळे रोज भेट ठरलेली.

"आज काय चूक काढणार?" तो विचारायचा.

"तुम्ही केली असेल ती."

"नसेलच केली तर?"

"शोधेन. तुम्ही काळजी करू नका."

"काळजी नाही हो," तो स्क्रू पिळत, वर न बघता म्हणायचा, "वाट बघतो."

आता यावर माणसाने काय बोलावं? मी भिंतीकडे बघून 'दिवा थोडा वर हवा' असलं काहीतरी बोलायचे. दिवा बरोब्बर जागेवर असायचा.

छावणीत एक सुईण होती. तिच्या गावातली निम्मी माणसं तिच्याच हातांवर जन्मलेली. बायकांना जे मला सांगायचा धीर होत नसे, ते आधी तिला सांगत. एकदा माझ्याकडे बघत ती म्हणाली, "आधी तू चुका दिसल्या की त्याच्याकडे जायचीस. आता त्याच्याकडे जाता यावं म्हणून चुका शोधतेस."

"काहीतरीच काय, मावशी!"

"पोट आणि प्रेम, पोरी, दोन्ही लपत नाहीत. मी जन्मभर पोटं बघत आलेय."

लपवणं मात्र भाग होतं. संस्थेचा नियम होता, एकत्र काम करणाऱ्या दोघांत नातं असेल तर छावणीप्रमुखांना, म्हणजे मोठ्या मॅडमना, सांगायचं आणि मग एकाची बदली. बरोबरच आहे म्हणा. ज्याचं काम तपासायचं तोच आपला असला, तर तपासणार काय, कपाळ? दुसरी छावणी नदीपलीकडे, खडखडत्या रस्त्याने अर्धा दिवस. म्हणजे बोलावं तर ताटातूट, आणि गप्प बसावं तर जिवाला घोर. त्यात बदली माझी झाली तर? कितीतरी महिने नुसत्या माझ्याकडे बघत बसलेल्या बायका आता कुठे बोलायला लागल्या होत्या. एकीने तर गेल्याच आठवड्यात, माझा हात धरून, पहिल्यांदा सगळं सांगितलं होतं. तिला मी काय सांगणार होते? 'मी प्रेमात पडले, आता तू दुसरी कुणीतरी बघ'?

म्हणून मी गप्प. तोही गप्प. आणि सगळी छावणी आमच्याकडे बघून गालातल्या गालात हसत होती.

एका दुपारी बाथरूमची नवी ओळ तपासायची होती. दोन दिवस पावसाची झड लागलेली, सगळं ओलं किच्च. त्याने ताडपत्रीचा एक तुकडा आमच्या दोघांच्या डोक्यावर धरला होता. त्याचा खांदा अर्धा बाहेर, भिजत होता...

"अहो, भिजताय तुम्ही. आत या ना."

"आत आलो तर तुम्ही भिजाल."

"मी काय मिठाची आहे?"

"नाही," तो हळूच म्हणाला, "तिखटाची आहात." आणि जवळ आला.

शेवटचं दार राहिलं होतं. माझं काळीज इतकं धडधडत होतं, की त्याला ऐकू जाईल म्हणून मी घाईघाईने म्हटलं, "राहू द्या. तुम्हीच लावलंय ना? उद्यापासून सुरू करा. माझा विश्वास आहे तुमच्यावर."

 तो ताडपत्री माझ्या हातात देऊन स्वतः आत गेला. दार ओढलं. मी खट् ऐकायला उभी राहिले... आलंच नाही. पावसाने दार फुगलं होतं, कडी भोकापर्यंत पोचत नव्हती.

तो बाहेर आला तेव्हा चेहरा उतरला होता.

"हे दार तुम्ही आत्ता पास केलंत."

"अहो, मी फक्त..."

"माझ्यावर विश्वास ठेवायचा तुम्हाला पगार मिळत नाही," तो म्हणाला. "संशय घ्यायचा मिळतो." आणि रंधा आणायला निघून गेला.

मी शरमेने मेले. आणि खरं सांगते, रागानेही. इतकं लागलं, की घरून आईचा फोन आला तर सर्दी झालीय म्हणून ठेवून दिला.

सकाळी सुईणीने बातमी दिली, इंजिनिअरने बदली मागितली! मी तडक मोठ्या मॅडमच्या तंबूत.

"माझं तोंड फटकळ आहे, मान्य. पण म्हणून कुणी एवढ्या लांब पळून जातं?"

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "पळून? काल येऊन नियमाप्रमाणे सांगून गेला तो. म्हणाला, तुमच्या दोघांत नातं आहे, ते आता कामात यायला लागलंय. बदली त्याची करा, तिची नको. बायका तिच्याशी बोलतात, ती जागची हलता कामा नये."

मी 'आ' वासून उभी.

"का गं? तुला माहीत असेल ना?"

"काय?"

"तुमचं नातं!"

मी तशीच चिखल तुडवत कोठीपाशी गेले. तो जीपमध्ये हत्यारांची पेटी चढवत होता.

"मॅडमना माहीत, सुईणीला माहीत, नळावरच्या रांगेला माहीत. मलाच तेवढं माहीत नव्हतं!"

त्याचे कान लाल झाले. "तुम्हाला सांगायची हिंमत होईना. मॅडमना सांगणं... सोपं होतं."

"आणि मी नाही म्हटलं असतं तर?"

"मग नदीपलीकडेच बरा होतो."

डोळ्यांत टचकन पाणी आलं माझ्या. मेला किती सरळ बोलतो! "मला विचारलं असतंस तर मीच गेले असते."

"म्हणून तर नाही विचारलं. माझी दारं दुसरा कुणीही बसवेल. तुझ्याशी बोललेल्या त्या बायका दुसऱ्या कुणाशी बोलतील?"

मी त्याचा हात धरला. खरखरीत, भुशाने माखलेला. "मॅडमना तू खोटं सांगितलंस. नातं कुठे होतं काल?"

"आज?"

"आज आहे," मी म्हटलं. "आज चांगलं घट्ट आहे."

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. जाऊ नकोस, असं ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. त्याने जायलाच हवं होतं, हे मला त्याच्याइतकंच कळत होतं.

"रविवारी येतो," तो चढता चढता म्हणाला.

"तू नको, मी येते. तिथल्या लोकांना आधी सांगून ठेव, कुणाची कोण येतेय ते."

"कुणाची?"

"तेही मीच सांगू? मॅडमपुढे बरं तोंड उघडलं!"

तो चालत्या जीपमध्ये उठून उभा राहिला आणि सुईण, ड्रायव्हर, नळावरची अख्खी रांग, सगळ्यांच्या देखत ओरडला, "माझी!"

रांगेत एकच हशा पिकला. सगळ्या छावणीला दटावणारी मी...  मी नुसती मान डोलावत राहिले – हो, हो, हो.