सोप्यावर खेळणारी

त्या दुकानाची पायरी चढले तेव्हा माझ्या हातात टॉवेलात गुंडाळलेला गेमचा कन्सोल होता आणि राग नाकाच्या शेंड्यावर. खेळ ऐन रंगात आला, की हे डबडं तापून बंद पडायचं.

"बाळ झोपलंय वाटतं," काउंटरमागचा दुरुस्तीवाला टॉवेलाकडे बघत म्हणाला.

"सारखं झोपतंय, तीच तर तक्रार आहे."

तो गालातल्या गालात हसला. झाकण उघडून त्याने आत फुंकर मारली. "पंख्यात धूळ बसलीये. परवा या. काम झालं की मी तुमचाच खेळ अर्धा तास चालवून बघतो. चालेल ना?"

"चालेल की," मी म्हणून बसले.

तेवढ्यात त्याच्या मागच्या भिंतीवर मला एक कात्रण दिसलं. माझंच. दर रविवारी पेपरात मी व्हिडिओ गेमवर अर्धं पान लिहिते, 'खडूस खेळाडू' या नावाने. मला गुदगुल्याच झाल्या.

"वाचता हे?"

"दर रविवारी."

"ती खडूस... मीच."

त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "अच्छा," तो म्हणाला, "तुम्ही होय." त्याला माझं अप्रूप वाटतंय, असं मी समजले. माझा शहाणपणा, दुसरं काय.

माझी मतं ठरलेली होती. जुने खेळ म्हणजे खरे खेळ. तीन जीव, सेव्ह करायची सोय नाही, जेवायला हाक आली की सगळं पाण्यात. नवे खेळ नुसते लाड करतात... वाट दाखवायला बाण काय, अवघड वाटलं तर सोपी पातळी काय.

परवा कन्सोल घ्यायला गेले तर तो खाली बघूनच म्हणाला, "व्यवस्थित चालतोय." घरी येऊन मी तो लावला आणि पडद्यावर रोजचीच ओळ उमटली. 'पातळी: अतिसोपी. एकूण वेळ: दोनशे बारा तास.'

माझी कानशिलं तापली. अर्धा तास हा माणूस ही ओळ बघत बसला होता. आणि मी, जगाला अवघडाचे धडे देणारी, घरी अतिसोप्यावर खेळते, हे त्याला कळलं होतं. आता त्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही, असं मी ठरवलं.

चौथ्या दिवशी गेले. करणार काय... लाज एकीकडे ओढत होती आणि तो दुसरीकडे. कधी वायर हवी म्हणून, कधी ती परत करायला म्हणून जातच राहिले. त्याने त्या ओळीचा चकार शब्द काढला नाही. मीही निर्लज्जासारखी वाद घालत राहिले.

"मला नव्या खेळात घोड्यावरून नुसतं भटकायला आवडतं," तो एकदा म्हणाला. "कुणाला मारायचं नाही. डोंगरावर जाऊन संध्याकाळ बघायची."

"त्याला खेळ कशाला? खिडकी उघडा."

"खिडकीतून समोरची भिंत दिसते." मग थोडं थांबून, "हल्ली दारातून बरं काहीतरी दिसतं."

मी वायर घेतलीच नाही, तशीच घरी आले.

एका दुपारी त्याच्याकडे दुरुस्तीला जुना, कॅसेटवाला खेळ आला होता. "एक डाव?" म्हणत त्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि मला पहिल्यांदाच दिसलं. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकतच नव्हती. बटणं तो बोटाच्या पेरानं दाबत होता.

"लहानपणी दारात सापडली," माझी नजर बघून तो म्हणाला. "पान्हा धरता येतो, घाई जमत नाही. म्हणून सोप्यावर खेळतो." मग भिंतीकडे मान करून हळूच, "त्या कात्रणातलं पत्र माझं आहे."

मी उठून कात्रण वाचलं. एका वाचकाने विचारलं होतं, 'मी सोप्या पातळीवर खेळतो. मला गोष्टीचा शेवट बघायचा असतो. हे खेळणं नव्हे का?' खाली माझं उत्तर होतं, 'कुबड्या घेऊन जिंकलेली शर्यत जिंकली म्हणायची नसते.' हे वाक्य मी दादाला दोनदा वाचून दाखवलं होतं. दोघं पोट धरून हसलो होतो.

"हे का लावून ठेवलंय?" मी विचारलं.

"आधी राग होता म्हणून. मग तुमचा खेळ चालवून बघितला—"

"नका बोलू."

"—आणि काढून टाकावंसं वाटलं. पण काढलं असतं, तर मला कळलंय हे तुम्हाला कळलं असतं."

इतके दिवस तो माझी लाज झाकत होता. आणि मी त्याला खिडक्या उघडायला सांगत होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी पर्सही विसरून निघाले.

शनिवारी पर्स न्यायला गेले, ती उद्याच्या लेखाची प्रत घेऊन. "वाचक जोड्याने मारतील," असं संपादकांनी बजावलं होतं. सदर राहील की जाईल, सांगता येत नव्हतं. मला भीती होती ती समोरच्या माणसाची. मी कागद काउंटरवर ठेवला आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले.

त्यात लिहिलं होतं, की मी एकही जुना खेळ पूर्ण केलेला नाही. दादा खेळायचा. माझ्या हातात तो दुसरा कंट्रोलर द्यायचा, पण त्याची वायर कधी जोडायचाच नाही. अकराव्या वर्षी ते कळलं, तरी शाळेत मी फुशारकी मारतच राहिले. आज नवे खेळ अतिसोप्यावर खेळते. एका अनोळखी वाचकाला मी कुबड्यांवरून हिणवलं, त्याची मला लाज वाटते.

मागे कागद काउंटरवर ठेवल्याचा आवाज आला.

"एक चूक आहे," तो म्हणाला.

"कुठली?"

"अनोळखी म्हटलंय."

मी वळले. "मग काय म्हणू?"

"ते... तू ठरव."

"आवडतोस तू मला," मी म्हटलं, "पण हे पेपरात कसं छापू?"

त्याचे कान लाल झाले. त्याने भिंतीवरचं कात्रण काढून खिशात घातलं, जुना खेळ लावला आणि दुसऱ्या कंट्रोलरची वायर माझ्या डोळ्यांसमोर धरली. "नीट बघून घे. जोडतोय."

मी बटण दाबलं आणि पडद्यावरचा माझा माणूस खरोखर उडाला. सरळ पहिल्या खड्ड्यात. शरमेने मी डोळे मिटणार, तोच त्याच्या माणसानेही पाठोपाठ त्याच खड्ड्यात उडी घेतली.

"मुद्दाम मारलीस?"

"छे, उजव्या हाताची बोटं वळत नाहीत ना," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. उडीचं बटण डाव्या हाताला होतं.