हिरव्या मोटारीतली दुसरी जागा

अफझलगंजातल्या मोटारीच्या सामानाच्या दुकानात भामा बराच वेळ ताटकळली होती. तिला पेट्रोलची रबरी नळी हवी होती. दुकानदार मात्र तिनं दिलेला जुना, तडकलेला तुकडा नुसता उलटापालटा करीत बसला होता. तेवढ्यात एक उंचसा तरुण आत आला आणि तिच्या डोक्यावरून सरळ दुकानदाराशी बोलू लागला.

"मेल्याला काही रीतभात नाही," भामा पुटपुटली. या बाजारात मराठी पुटपुटणं सहसा कुणाला कळत नसे.

तरुण वळला. "मेला तुमचीच नळी मागतोय, बाई. विलायती गाडीची आहे ना?"

भामाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मग… आधी सांगायचं तसं."

"आधी सांगितलं असतं, तर हे ऐकायला मिळालं नसतं."

हिम्मतराव त्याचं नाव. सरकारी बसच्या कारखान्यात तो सुपरवायझर होता, राहायला काचीगुड्यात. भामा नारायणगुड्याच्या मराठी शाळेत शिकवायची. गाडी तिच्या अण्णांची, म्हणजे वडिलांची, लक्ष्मणरावांची. दोनच माणसं बसतील अशी, हिरवी, उघड्या टपाची. पोलीस अ‍ॅक्शनच्या वर्षी भामाची आई गेली आणि लक्ष्मणरावांनी गाडीवर ताडपत्री टाकली. ती पुन्हा कधी उचलली नाही. आता हैदराबाद राज्याचे तुकडे होत होते. मराठवाडा मुंबई राज्यात चालला होता आणि महसूल खात्यातल्या लक्ष्मणरावांची नेमणूक औरंगाबादला झाली होती. जायचं तर याच गाडीतून, लेकीला शेजारी बसवून, असा त्यांनी हट्ट धरला होता.

गाडी दुरुस्त करायला हिम्मतराव दर रविवारी येऊ लागला. टाकीतलं पेट्रोल डिंकासारखं चिकट झालेलं. ते त्यानं उपसून टाकलं. प्लग काढून आत तेल सोडलं आणि हँडलनं इंजिन हळूहळू फिरवून मोकळं केलं. सायलेन्सरमध्ये उंदराचं घर निघालं. भामा पदर खोचून रॉकेलमध्ये सुटे भाग धूत बसे.

"मास्तरीणबाई, हात काळे होताहेत."

"खडूनं पांढरे होतात, ते कुणी विचारत नाही."

एका रविवारी गाडी सुरू झाली… पण खोकत, आचके देत. पेट्रोलात हवा मिसळणारे दोन कार्ब्युरेटर तिला होते आणि दोघांचं जमत नव्हतं. हिम्मतरावानं रबरी नळीचं एक टोक पहिल्याच्या तोंडाशी धरलं आणि दुसरं भामाच्या हातात दिलं. "कानाला लावा. हवेची सूं ऐका. आता ही दुसऱ्याची. सारखी वाटते?"

"नाही… ही मोठी आहे."

तो स्क्रू किंचित फिरवी, ती ऐके. तिनं मान हलवली की तो थांबे. मग दोघांनी आळीपाळीनं ऐकलं. नळी एवढीशी, त्यामुळे डोकी जवळ येत— आणि दोघंही इंजिनाकडेच बघत राहत. दुपार कलली तेव्हा गाडी एका लयीत चालत होती. बॉनेटवर ठेवलेला पेला पाणी न सांडता उभा राहिला.

हुसेनसागरच्या बांधावर त्यांनी ती पळवून पाहिली. वाऱ्यानं भामाची वेणी सुटली. बांधाच्या टोकाशी त्यानं गाडी उभी केली.

"गाडी झाली की आम्ही जाणार, हे तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"पहिल्या दिवसापासून."

"मग एवढ्या मनापासून का केलीत? रेंगाळायचं थोडं."

हिम्मतराव पाण्याकडे बघत राहिला. "तुम्ही समोर बसून पुर्जे धूत होता. तुम्हाला कसं फसवायचं?" मग म्हणाला, "नोकरी कुठल्या राज्यात हवी, ते विचारलं होतं. मी हैदराबादच लिहून दिलंय. आई इथून हलणार नाही. तुम्ही थांबाल का… हे विचारायचा धीर मात्र होत नाही."

"विचारलंत की आत्ता."

"मग?"

"थांबेन. पण अण्णांना मीच सांगेन."

लक्ष्मणरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग बाहेर येऊन त्यांनी गाडीच्या दारावरून हात फिरवला. "म्हणजे शेजारची जागा रिकामी झाली," ते गाडीपाशी थांबलेल्या हिम्मतरावाला म्हणाले. "औरंगाबादपर्यंत तुम्ही बसा. चालवीन मी. माणूस रस्त्यात कळतो."

दसऱ्यानंतर दोघं निघाले. भामा फाटकाशी उभी राहिली. गाडी कोपऱ्यावरून वळताना अण्णांनी मागं पाहिलं नाही. ते पाहणार नाहीत, हे तिला माहीत होतं. तरी ती थांबली, मग डोळे पुसून शाळेत गेली.

आठवड्यानं काचीगुडा स्टेशनवर रेल्वेतून हिम्मतराव एकटाच उतरला. नाकाचा शेंडा उन्हानं सोललेला.

"काय म्हणाले?" भामानं विचारलं.

"हो म्हणाले."

"कुठं?"

"जालना ओलांडल्यावर."

"एवढ्या उशिरा? तोवर काय बोलत होते?"

हिम्मतरावानं हातातली पिशवी खाली ठेवली. "तुझ्या आईबद्दल," तो म्हणाला.

आठ वर्षांत अण्णांनी घरात आईचं नाव काढलं नव्हतं. भामा फलाटावरच्या बाकावर बसली. हिम्मतराव शेजारी बसला.

"सांग," ती म्हणाली. "सगळं सांग."