जोडीतलं दुसरं कार्ड

तो काउंटरवर आला तेव्हा त्याचा काळा कोट अर्धा भिजला होता आणि अमरावतीची गाडी सुटायला पंचवीस मिनिटं उरली होती. दोन्ही गोष्टी त्याने कुणी न विचारताच सांगितल्या. आचलने मान वर करून पाहिलं. कपाळाला चिकटलेले केस, बगलेत फायली आणि चष्म्यावर पावसाचे थेंब... पुसायला कोरडं काही नव्हतं, म्हणून तो डोळे बारीक करून भिंतीवरची जाहिरात वाचत होता.

"हे जोडी कार्ड म्हणजे काय असतं?"

"दोन सिम कार्डं. एक तुमचं, एक तुमच्या मानसाचं. दिवसभर एकमेकाले फोन करा, एक पैसा लागत नाई."

"आणि तिसऱ्या कुणाला केला तर?"

"त्याचे लागते. जोडी म्हटली का दोघाचीच असते ना!"

दिवसातून वीस गिऱ्हाइकांना ती हेच वाक्य ऐकवायची. पण हा गडी हसला — आणि आपण काय बोललो ते आचलला आज पहिल्यांदाच ऐकू आलं. तिने घाईघाईने फॉर्म पुढे सरकवला.

"दुसरं कार्ड कोनासाठी?"

"आईसाठी. मी दिवसभर कोर्टात असतो, तिचे दहा फोन येतात."

अद्वैत मुळे, वकील, राहणार अमरावती. सिनिअरने त्याला अकोल्याला फक्त पुढची तारीख मागायला पाठवलं होतं. त्याने सह्या केल्या, पाकीट उचललं आणि मोर्णा नदीच्या पुलाकडे धूम ठोकली. पाकिटं दोन होती. दुसरं काउंटरवरच राहिलं.

ही गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. तेव्हा बोलायला मिनिटाला पैसे पडायचे आणि सुखरूप पोचल्याची खबर लोक नुसत्या मिस्ड कॉलने द्यायचे. जुन्या शहरात 'मैत्र' मोबाइल कंपनीचं ग्राहक केंद्र होतं. तिथे माणसं दोनच: आचल आणि तिचे साहेब देवरावजी. आचलचे वडील नत्थुजी अकोटजवळच्या गावात शेती करायचे. ती अकोल्यात मनकर्णा आत्याकडे राहून नोकरी करत होती. त्यांच्या घरातली ही पहिलीच पगाराची नोकरी, आणि तिला तिचा कोण अभिमान होता!

दोन दिवसांनी कार्डं चालू झाली. तपासायचं म्हणून आचलने राहिलेलं कार्ड आपल्या फोनच्या दुसऱ्या कप्प्यात घातलं आणि जोडीच्या नंबरावर फोन लावला.

"वकीलसाहेब, तुमचं दुसरं कार्ड इथंच राह्यलं."

"अरेच्चा! मी शनिवारी येऊन घेऊन जातो."

शनिवारी तो आला नाही. सोमवारी आचलने पुन्हा फोन केला. तिचं कामच होतं ते. त्याची तारीख लागली होती म्हणे. पुढच्या शनिवारी काकांकडे सत्यनारायण निघाला. त्याच्या पुढच्या शनिवारी काहीच निघालं नाही, तरी तो आला नाही. मग एक दिवस त्याचाच फोन आला.

"माझं कार्ड नीट आहे ना?"

"हाय बाप्पा! पयून नाई जात ते."

"नाही, विचारावं म्हटलं... फुकट आहे ना फोन."

"हो ना. फुकटच हाय."

या एका शब्दावर दोघांनी दोन महिने काढले. फुकट आहे म्हणून त्याने कोर्टातल्या गमती सांगितल्या. फुकट आहे म्हणून तिने कापूस वेचणीच्या दिवसांतलं घर सांगितलं. अकोटच्या बाजारात कापूस घेणारे चार जिनवाले बोली लावायला उभे असले की बाबांची मिशी कशी वर जाते, आणि एखाद्या दिवशी एकटाच असला की बाबा घरी येऊन कसे गप्प जेवतात, तेही सांगितलं. तारखेसाठी अकोल्याला निघाला की तो वाटेतल्या मूर्तिजापूरच्या स्टँडवरून फोन करायचा. बस दहा मिनिटं थांबायची, बोलणं बसमध्ये चढून पुढे चालू राहायचं. अकोल्यात उतरला तरी केंद्राकडे मात्र तो फिरकायचा नाही; कार्ड न्यावं लागलं असतं ना! हळूहळू तो तिला अगं-तुगं करू लागला. ती मात्र 'तुमी'वरच अडून राहिली.

दिवाळीत एकदा फोन त्याच्या आईने उचलला.

"कोण बोलतंय?"

"मी... मैत्रच्या केंद्रातून. तुमचं कार्ड राह्यलं होतं ना इथं..."

"अगं बाई, मला कशाला कार्ड? मी त्याला त्याच दिवशी सांगितलं, मला घरचा एकच फोन पुरे. त्याने कळवलं नाही?"

"नाई... कळवन म्हना," आचल म्हणाली आणि फोन ठेवला. ओठ दाबून दाबून ती हसू आवरत होती, तर देवरावजी म्हणाले, "काय झालं वं पोरी? लॉटरी लागली का?"

हे तिने अद्वैतला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कार्ड न्यायला येण्याचं कारण संपलं असतं, आणि कारण संपलं की फोन कशासाठी? बाकी तिचा स्वभाव रोखठोक, मनात आलं की तोंडावर. या एका बाबतीत मात्र तिची जीभ रेटत नव्हती.

डिसेंबरात बातमी आली. देशातली सगळ्यात मोठी कंपनी 'गगन', आणि तिसऱ्या नंबरची मैत्र, दोघी एक होणार. सरकारने लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या. केंद्रात देवरावजींनी पेढे वाटले, आणि आचलने हौसेने फोन लावला.

"आमच्या कंपनीचं लग्न जमलं!"

पलीकडून हसू आलं नाही. "वाचलं मी. आचल... मी इथल्या ग्राहक मंडळात आहे, त्यांनी हरकत घ्यायची ठरवलंय. सरकारने हे होऊच देऊ नये म्हणून. ती मीच लिहितोय."

"काहून? तुमच्या पोटात काहून दुखून राहिलं?"

"ऐक तर. आज तीन कंपन्या एकमेकींशी भांडतात म्हणून दर खाली आहेत. त्यातल्या दोघी एक झाल्या की त्यांच्याशी भांडायची ताकद कुणात उरणार? दर वाढतील, आणि जोडी कार्डासारखी योजना सगळ्यात आधी बंद होईल."

"आन नाई झाल्या एक तर? दोन महिने झाले, आमाले पगार नाई भेटला. मैत्र बुडून राहिली, साहेब! गगननं हात देला तर आमी तरून जाऊ."

"हात देतील, आणि मग एका गावात दोन केंद्रं कशाला म्हणून तुझंच बंद करतील."

"करतीन तवा करतीन. तुमी तर आजच करून राहिले!"

"अगं, तुझ्याच बाबांचं बघ. एकच जिनवाला उरला तर..."

"माह्या बाबाले मधात आनू नका!" ती ओरडली. देवरावजींनी चमकून पाहिलं. "मी तुमाले ते घरचं म्हून सांगतलं होतं. सरकारले सांगाले नाई."

तिने फोन बंद केला, कार्ड काढलं आणि टेबलाच्या खणात टाकलं. संताप तर होताच, पण त्याहून मोठं एक दुखणं होतं: त्याचं म्हणणं तिला पटलं होतं. एकटा जिनवाला असला की काय होतं, हे तिच्यापेक्षा जास्त कोण जाणणार? पण पटलं म्हणून पगार होत नाही. आणि जो माणूस आपली नोकरी घालवायला निघालाय, त्याच्या रोजच्या फोनची दुपारी चार वाजता वाट पाहणाऱ्या आपल्याच मनाला काय म्हणावं, तेही तिला कळेना. बारा दिवस खण उघडला नाही.

तेराव्या दिवशी पोस्टमनने एक जाड लिफाफा आणून दिला. आत हरकतीची प्रत होती. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. आचल गिऱ्हाइकं सोडून वाचत बसली. दोन्ही कंपन्यांना एक होण्यापासून अडवू नये, असं त्यात होतं. पण मोकाट सोडूही नये. सरकारने परवानगी देताना आधी अटी लिहून घ्याव्यात. केंद्रांत काम करणाऱ्या एकाही माणसाला वर्षभर काढू नये, आणि थकलेला पगार आधी द्यावा. चालू योजना लगेच तोडू नयेत, लोकांना निदान तीन महिने द्यावेत. दरांवर सरकारने डोळा ठेवावा. जिनवाल्यांचा, बाबांचा उल्लेख कुठेच नव्हता. तिने शोधून शोधून पाहिलं.

तिला रडू आलं. एवढ्या रुक्ष कागदावर कुणाला रडू येतं का? पण आपलं भांडण एका माणसाने इतकं नीट ऐकून घेतलं, याचंच तिला रडू येत होतं. तिने खण उघडला.

"वाचलं का?" त्याने पहिल्याच रिंगला उचलला होता.

"वाचलं. मंडळानं कसं काय मान्य केलं?"

"नव्हते करत. तीन बैठका भांडलो. तुझं सगळं भांडण मी तिथे माझं म्हणून भांडलो."

"मंग... जिंकले का?"

"तू फोन केलास ना..." तो म्हणाला आणि पुढे बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. तो वेळही फुकटच होता.

फेब्रुवारीत निकाल लागला. सरकारने परवानगी दिली, अटींसकट. माणसं वर्षभर काढायची नाहीत. थकलेला पगार द्यायचा. दरांबद्दल मात्र 'लक्ष ठेवले जाईल' एवढं एकच मोघम वाक्य होतं, आणि त्यावर अद्वैत आठवडाभर धुसफुसत राहिला. जोडी कार्डं एकतीस मेपर्यंत चालणार होती. त्यानंतर ते नंबरच बंद.

म्हणजे मुदत मिळाली, पण मुदतच. मार्च गेला, एप्रिल गेला, अकोल्याच्या उन्हाने रस्ते ओस पडले. फोन वाढले, पण एक गोष्ट दोघंही बोलेनात. इतक्या महिन्यांत आचलने त्याला स्वतःचा नंबर दिला नव्हता, त्याने मागितला नव्हता. फॉर्मवर त्याच्या घरचा नंबर होता, पण कामाच्या कागदातून नंबर उचलणाऱ्यातली ती नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्याने मागावा, असं तिला फार वाटत होतं. नाही मागितला तर एक जूनला हा आवाज जाणार, तो कायमचाच. तीस तारखेला ते पाऊण तास बोलले... आंब्यांवर!

एकतीस तारखेला, गुरुवारी, भर दुपारी केंद्राचं दार ढकलून तो आत आला. या वेळी घामाने भिजला होता. आठ महिन्यांत ती त्याला दुसऱ्यांदा पाहत होती. आवाज इतका ओळखीचा आणि चेहरा इतका नवा... तिला कुठे बघावं कळेना.

"माझं दुसरं कार्ड न्यायला आलोय," तो म्हणाला.

आचलने फोन उघडला, कार्ड काढलं, काउंटरवर ठेवलं. "घ्या. आज संध्याकाळी बंद होते ते. कायले आले एवढ्या उन्हाचे?"

"तुझ्याकडे माझं काही राहायला नको म्हणून." त्याने कार्ड खिशात टाकलं. "इतके दिवस कार्डाच्या नावाने फोन केला. आता केला तर तुझ्यासाठीच केलाय, हे कबूल करावं लागेल. तेच करायला आलोय. आणि आणखी एक... आईला कार्ड नकोच होतं. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी खोटं बोललो."

"मालूम हाय मले. दिवाळीत त्याईनंच सांगतलं."

"मग तू... बोलली का नाहीस?"

"तुमी काहून नाई बोलले?"

आत देवरावजी खोकले, आणि जरा जास्तच खोकत खोकत मागच्या दाराने चहाला निघून गेले.

"आचल, तुझा नंबर दे."

आठ महिने ज्या वाक्याची वाट पाहिली ते आलं, आणि आचलला एकदम हसू फुटलं. डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू. "नाई देत."

"का गं?"

"नंबर देला का तुमी आखीन आठ महिने फोनच करत राहसान. मले तुमी आवडता. लय आवडता. आता हे फोनवर ठेवाचं नाई मले. घरी या. बाबाले भेटा आन त्याईच्या तोंडावर सांगा, तुमची पोरगी मागाले आलो म्हना."

उलटतपासणीत कधी अडखळला नसेल इतका तो वकील अडखळला. "क-कधी येऊ?"

"रविवारी. एकटे नका येऊ, आईले घेऊन या. अकोटच्या स्टँडवर मी येईन घ्याले."

ते तीन दिवस आचलला आजही तासातासाने आठवतात. फोन नाही, निरोप नाही, त्याची बस चुकली का, आईने नाही म्हटलं का, काही कळायची सोय नाही. आता हातात केवढाले फोन आले, कुणी कुठपर्यंत पोचलं ते नकाशावर दिसतं. पण अशी वाट पाहणं काही पुन्हा वाट्याला आलं नाही, असं ती म्हणते.

रविवारी स्टँडवर दोन गाड्या आल्या आणि गेल्या, त्यांत तो नव्हता. तिसरी अकराला लागली. आधी अद्वैत उतरला, मग त्याने हात धरून आईला उतरवलं. आचलने ओढणी नीट केली आणि गर्दीतून पुढे झाली.