कॅमेऱ्यात राहिलेली निम्मी फिल्म

तो मोठा दिवा घालवा आधी. जिन्यातला राहू दे, तुमच्यातल्या एकदोघांना नंतर लागेल तो. आणि उलट्या पायांची बाई वगैरे ऐकायला आला असाल, तर आत्ताच झोपायला जा. माझ्याकडे तसलं काही नाही. ही माझ्या मित्राची गोष्ट, त्या चष्मेवाल्याची. त्याने मला ती एकदाच सांगितली, आणि सांगताना तो घाबरलेला नव्हता. तेच मला जास्त लागलं.

जन्मभर त्याने चष्म्याचं दुकान चालवलं. बायको लवकर गेली, मुलगी सातवीत असताना. पोरीला एकट्याने वाढवलं, लग्न करून दिलं. म्हातारपणी तिने हट्टच धरला, "बाबा, आता घर आवरा आणि माझ्याकडे या." घर आवरणं म्हणजे काय ते तुम्हाला आज कळायचं नाही. माळ्यावरून एकेक वस्तू खाली येते आणि माणूस ती हातात घेऊन तिथेच बसून राहतो. तशीच एक पेटी खाली आली. आत घरच्या फिल्मांची डझनभर रिळं, प्रोजेक्टर आणि चावी देऊन चालवायचा छोटा कॅमेरा.

कॅमेरा बायकोचा. तिच्या भावाने परदेशातून आणलेला. तिच्याशिवाय त्याला कोणी हात लावायचं नाही. उजव्या मनगटावर नवऱ्याचं जुनं घड्याळ, पट्टा सैल, कॅमेरा उचलला की घड्याळ कोपरापर्यंत घसरायचं. तर झालं असं, की सगळ्या रिळांत चष्मेवाला आहे, मुलगी आहे, शेजारचं मांजरसुद्धा आहे. ती मात्र नाही. "अहो, कधीतरी मलाही घ्या की," ती म्हणायची. हा म्हणायचा, "मला त्यातलं काही कळत नाही." भिंगांवर पोट भरणारा माणूस, म्हणे कळत नाही.

पेटी निघाली तेव्हा बापलेकींनी सगळी रिळं बघितली. आई कुठेतरी सापडेल या आशेने. शेवटचं रीळ संपलं तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, आई चालायची कशी, तेच मला आठवत नाही हो." थोड्या वेळाने डोळे पुसून म्हणाली, "विकून टाकू. आपण आपल्यालाच किती बघायचं?"

अशी रिळं विकत घेणारे लोक असतात बरं का. अनोळखी माणसांच्या घरच्या फिल्मा जमवतात. शौक एकेकाचे, आपण काय बोलणार. मुलीने असा एक गृहस्थ शोधला. त्याला प्रोजेक्टर, कॅमेरा, रिळं असा सगळा संच हवा होता. अट एकच, प्रत्येक रीळ एकदा चालवून कुठलं तुटतंय ते सांगायचं.

चष्मेवाल्याने ते काम शेवटच्या रात्रीपर्यंत ढकललं. नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार होता. गृहस्थ शुक्रवारी सकाळी यायचा होता. मुलगी तिच्या घरी. कॅमेरा खोक्यात घालून, वरून चिकटपट्टी मारून, खोकं दाराजवळच्या स्टुलावर ठेवलेलं. हा अंगात तपकिरी स्वेटर घालून दाराकडे पाठ करून बसला आणि समोरच्या भिंतीवर एकेक रीळ बघू लागला. घरात सामान उरलं नव्हतं, त्यामुळे प्रोजेक्टरची खडखड जरा जास्तच घुमत होती.

साडेअकराच्या सुमारास बागेचं रीळ लागलं. बाकावर तरुणपणीचा तो, मांडीवर तीन वर्षांची पोर. दोघं कॅमेऱ्याकडे बघतायत. म्हणजे तिच्याकडे.

आता, नजर कुठे आहे हे चष्मेवाल्याला सांगावं लागत नाही. दिवसभर त्याचं कामच ते. त्याला दिसलं, की पोर समोर बघत नाहीये. जरा बाजूला बघतेय.

त्याने रीळ उलटं फिरवलं. पुन्हा लावलं.

पोरीचे डोळे आणखी बाजूला होते. खोलीच्या दाराकडे.

मग ते हलू लागले. सावकाश. कोणीतरी चालत येत असावं आणि लहान मूल त्याच्याकडे बघत राहावं, तसे. दारापासून… स्टुलापासून… इकडे.

त्याच्या पाठीमागे येऊन ते थांबले.

भिंतीवरची पोर हसली. तिने दोन्ही हात वर केले. मला घे, म्हणून.

त्याच्याकडे नव्हे. त्याच्या मागे.

खडखडीच्या खाली आणखी एक आवाज होता. बारीक. एकसारखा. चावीच्या कॅमेऱ्याचा. इतक्या वर्षांनी ऐकला, तरी त्याने ओळखला.

त्याने मान वळवली नाही. मी विचारलं त्याला, का रे नाही वळवलीस? म्हणाला, "वळलो आणि नसली तर?"

तो नुसता म्हणाला, "आता तरी तू समोर ये ना गं."

काही नाही…

रीळ संपलं. टोक फटफट करत फिरत राहिलं. भिंत पांढरी झाली. तो बारीक आवाजही थांबला.

तेव्हा तो वळला. खोली रिकामी. खोकं स्टुलावर, चिकटपट्टी जशीच्या तशी. तो रात्रभर खुर्चीत बसून होता आणि सकाळपर्यंत रडला.

सकाळी गृहस्थ आला. चष्मेवाल्याने एक शब्द काढला नाही. सांगणार काय आणि कुणाला? संच देऊन टाकला, घराला कुलूप लावलं आणि मुलीकडे राहायला गेला.

मार्चमध्ये तो गृहस्थ मुलीच्या दारात उभा. हातात लहानसं रीळ आणि त्याचा स्वतःचा प्रोजेक्टर. म्हणाला, "कॅमेऱ्यात निम्मी वापरलेली फिल्म राहिली होती. मी ती धुवून घेतली. उरलेली निम्मी कोरी निघायला हवी होती. हे तुमचं आहे, मला ठेवून घेववेना."

पडदे ओढले. भिंतीवर आधी सातवीतली मुलगी दोरीवरच्या उड्या मारताना दिसली. आई आजारी पडायच्या आधीचं शेवटचं चित्रण. मग काळोख. मग दाणेदार, अंधुक अशी ती रिकामी खोली. पलीकडे खुर्चीत पाठमोरा एक म्हातारा, तपकिरी स्वेटर. त्याच्यापुढे भिंतीवर बाकावरची पोर.

चित्र दारापासून पुढे येत होतं. पावलागणिक जरासं डावीकडे कलत, जरासं उजवीकडे. मुलगी एकदम उठून उभी राहिली. "अशीच," ती म्हणाली. "बाबा, आई अशीच चालायची."

चित्र खुर्चीमागे येऊन थांबलं. भिंतीवरच्या पोरीने हात वर केले. आणि फिल्म संपता संपता खालून एक हात आला. बाईचा, उजवा. सैल पट्ट्याचं पुरुषी घड्याळ मनगटावर घसरत आलं. हात म्हाताऱ्याच्या खांद्यावर टेकला आणि तिथेच राहिला. मग भिंत पांढरी.



"बाबा," मुलीने विचारलं, "त्या रात्री तुम्हाला काही…?"

"नाही गं," तो म्हणाला. "मला काहीच जाणवलं नाही."

गृहस्थ प्रोजेक्टर तिथेच ठेवून गेला. तेव्हापासून रोज संध्याकाळी चष्मेवाला ते रीळ लावायचा. मीही एकदा त्याच्या शेजारी बसून ते पाहिलंय. भिंतीवर तो हात यायच्या जरा आधी तो आपला उजवा खांदा किंचित वर उचलायचा, आणि रीळ संपलं तरी तसाच धरून बसायचा.