धुराड्यावरचं झाकण

"प्लग गेला गं," मनीषाकाकू फोनवर म्हणाल्या. "आणि इथे सगळे म्हणतायत, मीच घालवला. तू आधी माझ्याकडे ये."

निवेदिता एका इन्शुरन्स कंपनीसाठी बॉयलर तपासायची. इंग्लंडातल्या मेडनहेडबाहेरच्या या स्टीम रॅलीत, म्हणजे वाफेच्या जुन्या इंजिनांच्या जत्रेत, आज तिचं काम होतंच, त्यामुळे फोन आला तेव्हा ती पार्किंगमध्ये गमबूट चढवत होती. रात्रीच्या पावसानं मैदान चिकचिकलं होतं. जुन्या ट्रॅक्टरांच्या रांगेत चहाचे मग घेऊन उभी असलेली म्हातारी मंडळी निवेदिता जवळून गेली की बोलणं थांबवत होती. बातमी तिच्या आधी पोचली होती.

वाफेच्या इंजिनात भट्टीच्या छताला शिसं भरलेला एक प्लग असतो. बॉयलरमधलं पाणी फार खाली गेलं की शिसं वितळतं, वाफ भट्टीत उतरते आणि विस्तव विझवते. बॉयलर वाचतो. ड्रायव्हरची अब्रू मात्र जाते, कारण पाण्यावर डोळा ठेवणं हे त्याचं पहिलं काम. या लोकांत कुणाची बायको पळून गेली तर चार दिवसांत विसरतात, पण प्लग घालवणारा नातवंडांच्या लग्नापर्यंत लक्षात राहतो.

मनीषाकाकूंचं सगळं आयुष्य बर्मिंगहॅमच्या कारखान्यात लेथवर गेलं होतं. नवरा ज्ञानेश्वर टिळेकर वारल्यावर त्याचं 'मार्गारेट' नावाचं, शंभरी ओलांडलेलं ट्रॅक्शन इंजिन, म्हणजे रस्त्यावर चालणारं वाफेचं इंजिन, त्या स्वतः चालवायला लागल्या. आज दुपारी क्लबची कमिटी बसणार होती. प्लग काकूंनी घालवला असं ठरलं, तर त्यांचा चालवण्याचा परवाना जाणार होता. आणि या वयात गेलेला परवाना परत मिळत नाही, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं.

"काल परेड संपल्यावर काय केलंत?" निवेदितानं विचारलं.

"बॉयलर भरपूर भरला. विस्तव कोळशाखाली दडपला, सकाळी वाफ लवकर यावी म्हणून. मग कॅरव्हॅनमध्ये जाऊन पडले. गुडघे बोलत होते."

"आणि धुराड्यावर झाकण ठेवलंत?"

"विस्तव जिवंत असताना? वेड लागलंय का मला? धूर जाणार कुठून?"

निवेदितानं मान वर करून पाहिलं. धुराड्यावर पत्र्याचं झाकण व्यवस्थित बसवलेलं होतं.

तिनं भट्टीत टॉर्च मारला. राख भिजून गच्च झाली होती. प्लग खरोखरच वितळला होता. मग तिनं बॉयलरवरची पाण्याची काच सोडवली. या उभ्या काचेच्या नळीत पातळी दिसते, आणि तिच्या वाटा तुंबल्या तर ती खोटं सांगते. वाटा स्वच्छ होत्या. नळी रुमालात गुंडाळून तिनं आपल्या बॅगेत ठेवली.

खाली उतरताना तिला गवत दिसलं. बॉयलर रिकामा करायच्या तोटीसमोरचा हिरवा पट्टा भाजल्यासारखा पिवळा पडला होता. तोटी आता घट्ट बंद होती.

"ही तोटी इथे उघडता?"

"मैदानात? कधीच नाही. कुणाचं तरी पोर भाजेल."

पहिला आला यतीन, काकूंचा मुलगा. जन्म बर्मिंगहॅमचा, नोकरी मेडनहेडला.

"काल संध्याकाळी कुठे होतास?"

"घरी. परेड झाली आणि मी किड्सना घेऊन सरळ निघालो. नेबर्सचा बार्बेक्यू होता, विचार त्यांना." तो चिडला होता. "हो, मी मम्मीला सांगतो की हा इंजिन विकून टाक. केनचा ऑफर पण चांगली आहे. But I wouldn't do this to her. तिचा अख्खा लाइफ आहे ते."

"धुराड्याचं झाकण कुठे असतं, माहितेय?"

"कुठला झाकण?"

केन म्हणजे केन ब्रॅडवेल, कमिटीचा अध्यक्ष, शेजारच्या इंजिनाचा मालक. बरीच वर्षं त्याचा मार्गारेटवर डोळा होता. निवेदितानं त्याला इंग्रजीत तेच विचारलं, तसा तो लालबुंद झाला.

"मी संध्याकाळभर बिअरच्या तंबूत ऑर्गन वाजवत होतो. शंभर माणसांनी माझा छळ सोसलाय, कुणालाही विचारा. इंजिन मला हवंय, पण धड हवंय. प्लग गेलेलं घेऊन काय करू? आणि खरं सांगू? मिसेस टिळेकरांचं लक्ष उडालंय. काल परेडमध्ये इंजिन थेट रिंगणाच्या कडेच्या दोरावर गेलं. पलीकडे मुलं होती. ती मागे सरली म्हणून निभावलं."

"माझंच चुकलं असेल," काकू हळूच म्हणाल्या. "वेग जरा जास्त होता."

हे ऐकून निवेदितानं काकूंकडे वळून पाहिलं. ट्रॅक्शन इंजिनावर दोन माणसं लागतात. एक वाफ सांभाळतो, दुसरा चाक फिरवतो. मार्गारेटचं चाक ज्ञानेश्वररावांच्या काळापासून त्यांचा मित्र नंदू सांभाळत आला होता.

नंदूकाका कॅरव्हॅनच्या पायरीवर चहा घेऊन बसले होते. निवेदिता समोर जाऊन उभी राहिली, तरी ते ढवळतच राहिले.

"काका."

"अरे, निवेदिता होय! ये, बस ना."

"काल संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?"

"तंबूत. केनचा तो भयंकर ऑर्गन ऐकत." ते हसले. "वहिनींचं कसं होणार गं? त्यांच्यासारखी ड्रायव्हर या मैदानात नाही. एखादी तोटी गळत असेल, जुनं इंजिन आहे."

"मला मदत करा. इंजिनावर चढा आणि काचेत पाणी किती आहे ते सांगा. मला खालून टाकी बघायचीय."

नंदूकाका सवयीनं दांडी चाचपत वर चढले. बॉयलरपाशी वाकून थोडा वेळ उभे राहिले.

"रिकामी आहे काच," त्यांनी सांगितलं. "थेंबसुद्धा नाही."

निवेदितानं त्यांना हात देऊन खाली उतरवलं. तिला फार वाईट वाटत होतं, पण आता थांबता येत नव्हतं. तिनं काकूंना, यतीनला आणि केनला बोलावून घेतलं.

"आधी झाकणाचं सांगते," केनलाही कळावं म्हणून ती इंग्रजीत म्हणाली. "विस्तव पेटता असताना धुराड्यावर कुणी झाकण ठेवत नाही. म्हणजे ते विस्तव विझल्यावर ठेवलं गेलं. प्लग गेला तेव्हा इथे कुणीतरी होतं, आणि त्यानं कुणाला हाक मारली नाही. काकूंनी हलगर्जीपणा केला असता, तर झाकण आपोआप वर गेलं नसतं."

केननं मान वर करून पाहिलं आणि शिवी गिळली. इतक्या वेळात त्याचंही तिकडे लक्ष गेलं नव्हतं.

"गवत भाजलंय, कारण कुणीतरी तोटी उघडून गरम पाणी सोडलं. पाणी उतरलं, प्लग गेला. मग पाऊस आला. ज्याला मार्गारेटचं वाईटच करायचं होतं, तो पळून गेला असता. हा माणूस थांबला, इंजिनावरच्या पेटीतून झाकण काढलं आणि धुराडं झाकलं. इंजिनात पाऊस जाऊ द्यायचा नाही, हे त्याच्या हाडात भिनलंय. यतीनला झाकण ठाऊकच नाही. केन तंबूत होता."

"मीही होतो तंबूत," नंदूकाका म्हणाले.

निवेदितानं बॅगेतून रुमाल काढला आणि उलगडला.

"काका, पाण्याची काच सकाळपासून माझ्याकडे आहे. तुम्ही आता जिच्यात बघितलंत, ती तिथे नव्हतीच."

पलीकडे कुणाचं तरी इंजिन फुसफुसत होतं.

"तुम्हाला दिसत नाही. काल इंजिन दोरावर गेलं ते वेगामुळे नाही, चाकामुळे. आज पुन्हा परेड होती, आणि चाक पुन्हा तुमच्याच हातात आलं असतं."

नंदूकाकांनी मग टाळाटाळ केली नाही.

"मधोमध सगळं धूसर झालंय," ते म्हणाले. "कडेकडेनं दिसतं. काल ती मुलं मला दिसली नाहीत. किंकाळी ऐकू आली फक्त. आज पुन्हा चाक धरायची हिंमत नव्हती, आणि सांगायचीही नव्हती. वाटलं, बॉयलर रिकामा केला की सकाळी भरून तापवेपर्यंत परेड निघून जाईल. तोटी गळली म्हणता येईल. विस्तव विझलाय असं वाटलं मला. सगळं काळंच दिसत होतं. मग आतून फुत्कार ऐकू आला, आणि कळलं काय झालं ते."

"कोळशाखाली लाली होती," निवेदिता म्हणाली. "कुणालाही दिसली असती."

"हो. कुणालाही."

काकू उठल्या आणि थेट त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"भाऊजी, डोळे गेले हे सांगायची लाज वाटली तुम्हाला. माझं नाव मातीत जाताना बघून नाही वाटली? सकाळपासून माझ्या शेजारी बसून चहा पिताय!"

"वहिनी, एकदा चाक सुटलं की मी इथे कशाला येणार? तो ज्ञाना गेल्यावर मला हे एवढंच..."

"त्यांचं नाव घेऊ नका. त्या मुलांना काही झालं असतं म्हणजे? त्या दोराच्या बाबतीत मी तुमची बाजू घेत होते, माहितेय? वेगाचं खोटं सांगितलं मी!"

नंदूकाकांनी मान खाली घातली. केन दुसरीकडे बघू लागला. त्याला मराठी येत नव्हतं, पण यात कळायला काही कठीण नव्हतं.

"कमिटी बसतेय," शेवटी यतीन म्हणाला.

"मी एक अक्षर बोलणार नाही," काकू म्हणाल्या. "यांनी सांगायचं. सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडानं. दोराचंही."

नंदूकाका उठले आणि कमिटीच्या तंबूच्या दिशेनं निघाले. दोन पावलांवर थांबले. पुढे सगळीकडे तंबूंचे ताण दिलेले दोर आडवेतिडवे पसरले होते.

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. राग उतरला नव्हता, उतरणारही नव्हता इतक्यात. तरी त्या पुढे गेल्या आणि त्यांनी आपलं कोपर त्यांच्या हाताशी नेलं.

"दोर आहे," त्या म्हणाल्या. "पाय उचला."